चित्रकाराची बहीण : मंगलाबाई तंपुराट्टी, रविवर्मा आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी

१

मराठीतील ऐतिहासिक कादंबरीविषयीची चर्चा बराच काळ एकाच प्रश्नाभोवती फिरत आलेली आहे : कादंबरीकाराने कागदपत्रांशी कितपत इमान राखावे आणि कल्पनेला कितपत मोकळीक द्यावी? रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांनी लिहिलेल्या दीर्घ प्रस्तावनेचे महत्त्व या चर्चेच्या संदर्भातच सांगितले जाते. परंतु हा प्रश्न विचारताना आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ज्या व्यक्तीवर कादंबरी लिहावयाची ती इतिहासाने आधीच निवडलेली आहे, तिच्याविषयी पुरावा साठलेला आहे आणि कादंबरीकाराला केवळ त्या पुराव्याच्या मधल्या जागा भरावयाच्या आहेत, असे ते गृहीत होय. जिच्या वाट्याला इतिहासात एखादेच वाक्य आले, तिच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा ठरतो. तेथे आधी असे विचारावे लागते, की त्या वाक्याची घडण कशी आहे, आणि कादंबरीच्या प्रचलित घाटात ते वाक्य वाढू शकते काय?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका उदाहरणाच्या आधारे करावयाचा आहे. राजा रविवर्मा (१८४८-१९०६) हे नाव महाराष्ट्राला परके नाही. त्यांचा शिळाछापाचा कारखाना १८९४ साली मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि १८९९ साली मुंबई-पुणे लोहमार्गावरील मळवलीला हलविला गेला. तेथून बाहेर पडलेल्या लक्ष्मी-सरस्वतींनी आणि त्यांच्या दिनदर्शिकांवरील वंशजांनी मळवलीपासून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील पावण्यासारख्या गावांपर्यंत घराघरांतील भिंती व्यापल्या. या देवता मराठी वाचकाला आपल्याशा वाटाव्यात अशीच त्यांची नऊवारी नेसण होती. पुढे १९८४ साली रणजित देसाई यांनी 'राजा रविवर्मा' ही कादंबरी लिहिली आणि केरळचा हा चित्रकार मराठी कथनपरंपरेतला एक नायक झाला.

रविवर्म्यांची धाकटी बहीण मंगलाबाई तंपुराट्टी या चित्रकार होत्या. त्यांनी आपल्या थोरल्या भावाचे तैलरंगातील व्यक्तिचित्र रंगविले. तिरुवनंतपुरम येथे १९३५ साली स्थापन झालेल्या श्रीचित्र कलादालनाच्या संग्रहातले ते आहे. रविवर्म्यांविषयीच्या चरित्रपर लेखनात मात्र मंगलाबाई बहुधा एका ठरावीक वाक्यातून भेटतात : 'त्यांची बहीणही चित्रे काढीत असे.' या वाक्यातील 'ही' हे अव्यय आपल्या विवेचनाचा विषय आहे.

२

'ही' या अव्ययाने दोन कामे एकदम होतात. ते बहिणीला चित्रकारांच्या पंगतीत आणून बसविते आणि त्याच क्षणी तिचे चित्र काढणे भावाच्या चित्र काढण्याला जोडून टाकते. तिची कला ही आता त्या घराण्याच्या गुणसंपदेचा एक पुरावा होते. मामांनी शिकविले, भावाने नाव मिळविले, धाकट्या भावाने साथ दिली, बहीणही काढीत असे. असा हा उतरता क्रम लागतो. उल्लेख होतो, परंतु त्यातून वर्णन सुरू होत नाही. म्हणून एखाद्या कादंबरीत तिचे नाव येते की येत नाही हा प्रश्न दुय्यम आहे. नाव येणे वेगळे आणि पाहणारी, निवडणारी, रंगविणारी व्यक्ती म्हणून कथनात जागा मिळणे वेगळे.

याच घरातील दुसऱ्या भावंडाशी तुलना केली असता हा भेद स्पष्ट होतो. सी. राजा राजा वर्मा (१८६०-१९०५) हे रविवर्म्यांचे धाकटे भाऊ. तेही मोठ्या भावाच्या कीर्तीखाली झाकले गेलेले चित्रकार आहेत. दोघे मिळून काम करीत. परंतु राजा राजा वर्मा मद्रास, मुंबई, बडोदा, म्हैसूर, उदयपूर अशा प्रवासांत भावाबरोबर होते आणि ते इंग्रजीतून रोजनिशी लिहीत. ती रोजनिशी २००५ साली संपादित होऊन प्रसिद्ध झाली. तिच्यामुळे आज रविवर्म्यांच्या अखेरच्या दशकाचा इतिहास लिहिणाऱ्याला राजा राजा वर्म्यांच्या नजरेतूनच पुढे जावे लागते. झाकोळलेला भाऊ अशा रीतीने साक्षीदार झाला. बहीण चित्रांच्या बाबतीत त्याच वारशाची धनी असूनही साक्षीदार होऊ शकली नाही, कारण ज्या घटनांना इतिहास म्हणावयाचे ठरले त्या सर्व रस्त्यावर, आगगाडीत, दरबारांत आणि प्रदर्शनांत घडल्या.

३

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली शेक्सपियरला ज्यूडिथ नावाची एक बहीण कल्पिली आणि भावाइतकीच प्रतिभा असूनही तिचे काय झाले असते ते सांगितले. गेल्या काही दशकांत जगभर लिहिल्या गेलेल्या 'विस्मृत बहिणीं'च्या कथा-कादंबऱ्यांमागे या दृष्टान्ताची प्रेरणा आहे. लिंडा नॉक्लिन यांनी १९७१ साली 'थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत?' हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनीही व्यक्तीच्या प्रतिभेकडून शिक्षण, संस्था आणि संधी यांच्याकडे लक्ष वळविले. या दोन्ही मांडण्यांचे ऋण मान्य करूनही एक भेद करणे अगत्याचे आहे, कारण सर्व विस्मृत बहिणी एकाच अर्थाने विस्मृत नसतात.

पहिला प्रकार ज्यूडिथचा. तिची कलाकृती नाही, कारण ती स्वतःच कल्पित आहे; ती एका अभावाचे रूपक आहे. दुसरा प्रकार मारिया आना मोत्सार्ट (१७५१-१८२९) हिचा. वुल्फगांगची ही थोरली बहीण बालपणी त्याच्याबरोबर युरोपभर वाजवीत हिंडली. १७७० साली इटलीहून लिहिलेल्या पत्रात भावाने तिच्या एका रचनेची तारीफ केली आहे. ती रचना आज उरलेली नाही. येथे साक्ष आहे, कृती नाही. तिसरा प्रकार मंगलाबाईंचा. येथे कृती समोर आहे, आणि साक्ष तेवढी 'ही' या अव्ययापुरती आहे.

या तीन प्रकारांत कादंबरीकाराची जबाबदारी निरनिराळी होते. पहिल्यात तो दृष्टान्त रचतो. दुसऱ्यात तो हरवलेल्या गोष्टीचा शोक करू शकतो. तिसऱ्यात मात्र शोकाने भागत नाही. त्याला आधी चित्र पाहावे लागते. मंगलाबाईंना ज्यूडिथच्या साच्यात ओतले, की त्यांच्या नावे एक दुःखान्त तयार होतो आणि त्या दुःखान्तात त्यांनी प्रत्यक्ष केलेले काम पुन्हा एकदा अडगळीत जाते. उपेक्षेची भरपाई करू पाहणारी कादंबरी उपेक्षेचीच पुनरावृत्ती करू शकते ती अशी.

४

वुल्फ यांच्या मांडणीतील आणखी एक गोष्ट किळिमानूरला लागू पडत नाही. स्त्रीला लिहिण्यासाठी स्वतःची खोली आणि स्वतःचे उत्पन्न हवे, हे त्यांचे प्रतिपादन पितृवंशीय इंग्लंडच्या अनुभवातून आलेले आहे. किळिमानूरचे घराणे मरुमक्कत्तायम् या मातृवंशीय व्यवस्थेतले. या व्यवस्थेत मुले आईच्या तरवाडाची असतात. वंश मुलींकडून पुढे जातो. रविवर्म्यांचे वडील एळुमाविल नीलकंठन् भट्टतिरिपाद हे नंबुद्री ब्राह्मण, पण मुले मात्र आई उमाअंबा यांच्या घराण्याची. लहानपणी चित्रकलेचे पहिले धडे दिले तेही मामा राजा राजा वर्मा यांनी. आई स्वतः कवयित्री होती; तिचे 'पार्वतीस्वयंवरम्' रविवर्म्यांनी तिच्या मृत्यूनंतर छापून प्रसिद्ध केले. म्हणजे या घरात स्त्रीने विद्याकलांची उपासना करणे अपवादभूत नव्हते.

१८६६ साली रविवर्म्यांचा विवाह मावेलिक्करा येथील भागीरथी यांच्याशी झाला. त्यांची मुले मावेलिक्कऱ्याच्या घराण्यातली झाली. १९०० साली त्यांच्या दोन नाती त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या, त्याही मातृवंशाच्या याच न्यायाने. किळिमानूरचा वंश पुढे नेण्याचे काम रविवर्म्यांचे नव्हते. ते बहिणीच्या बाजूने होणार होते. मराठी वाचकाच्या परिचयाची कुटुंबरचना येथे उलटी होते. आपल्याकडे बहीण म्हणजे माहेरवाशीण : ती जाते, सणावाराला येते आणि पुन्हा परत जाते. किळिमानूरला घरात राहते ती बहीण, आणि येणारा-जाणारा असतो तो भाऊ.

मराठी ऐतिहासिक कादंबरीची अडचण येथे उघड होते. तिचा भावनिक नकाशा पितृवंशीय आहे. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्वामी'पासून या कादंबरीने एक रचना रूढ केली : मध्यभागी कर्तृत्वाने थकलेला, आतून एकाकी असा पुरुष, आणि त्याच्या एकाकीपणाला अर्थ देणारी पत्नी. 'स्वामी'तील माधवराव आणि रमाबाई यांची कथा वाचकांच्या मनात घर करून राहिली ती या रचनेच्या सामर्थ्यामुळेच. नायक चित्रकार झाला म्हणजे या रचनेत पत्नीच्या जोडीला आणखी एक स्त्री येते, ती म्हणजे चित्राला रूप पुरविणारी, प्रेरणा देणारी स्त्री. देसाई यांच्या कादंबरीवर आधारलेला केतन मेहता यांचा 'रंगरसिया' हा चित्रपट भारतात २०१४ साली प्रदर्शित झाला. त्याच्या केंद्रस्थानी चित्रकार आणि त्याच्यासमोर बसणारी सुगंधा यांचे नाते आहे. वाट पाहणारी पत्नी आणि पाहिली जाणारी प्रेयसी या दोन भूमिकांत स्त्रीपात्रांची वाटणी झाल्यावर कुंचला धरणाऱ्या बहिणीला कोणती जागा उरते? ती वाटही पाहत नाही आणि पाहिलीही जात नाही. ती स्वतः पाहते. कथनाच्या या घाटात नजरेचा हक्क एकाच पात्राचा असतो, आणि तो आधीच दिला गेलेला आहे.

या घाटाचे सामर्थ्य असे, की समोर बसणारी स्त्री स्वतः कलावंत असली तरी तो तिला रूपापुरतीच ठेवतो. भेंडीबाजार घराण्याच्या गायिका अंजनीबाई मालपेकर (१८८३-१९७४) या रविवर्म्यांच्या चित्रांसाठी बसल्या होत्या, असे परंपरा सांगते. नजीर खाँसाहेबांची तालीम घेतलेल्या आणि १९५८ साली संगीत नाटक अकादमीचे सदस्यत्व सन्मानपूर्वक मिळविणाऱ्या या गायिकेचा गळा चित्रकाराच्या कथेत निःशब्द असतो. तेथे त्यांचा चेहरा पुरेसा होतो.

मातृवंशीय व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे मात्र कारण नाही. तरवाडाचा कारभार कारणवराच्या, म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषाच्या, हाती असे. आणि तैलचित्रकाराचा त्या काळातील व्यवसाय हा फिरतीचा व्यवसाय होता. रविवर्मा चौदाव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या दरबारात गेले. १८७३ साली त्यांनी मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळविले. बडोद्याच्या सयाजीरावांकडून १८८८ साली चौदा पौराणिक चित्रांचे काम आले, तेव्हा वेशभूषेचा शोध घेण्यासाठी त्यांनी देशभर प्रवास केला. आश्रयदाता, प्रदर्शन, छापखाना आणि आगगाडी यांच्या साखळीतून त्यांची कीर्ती घडली. मंगलाबाईंजवळ घर होते आणि त्या घरात मान होता. या साखळीतील एकही दुवा त्यांच्या हाती नव्हता. वुल्फ यांच्या सूत्रात म्हणून एक भर घालावी लागते. वसाहतकालीन हिंदुस्थानातील चित्रकार स्त्रीला खोलीइतकीच रस्त्याची गरज होती.

५

आता त्या व्यक्तिचित्राकडे वळू. बहिणीच्या कामांपैकी इतिहासाने विशेष लक्षात ठेवलेली कृती भावाचे चित्र असावी, हा योगायोग नाही. स्मृतीची संस्था ज्या वस्तूला भावाच्या थोरवीचा पुरावा म्हणून जपते, तीच वस्तू टिकते. परंतु या जपणुकीत एक उलटापालटही दडलेली आहे. शेकडो स्त्रियांना चौकटीत बसविणारा चित्रकार या एका चौकटीत स्वतः बसलेला आहे. त्याला किती प्रकाश द्यावा, कोणत्या बाजूने पाहावे आणि कोठे थांबावे, हे ठरविण्याचा अधिकार तेथे बहिणीचा आहे. ज्या अव्ययाने तिला भावाच्या मागे उभे केले ते या चित्रासमोर निकामी होते, कारण 'बहिणीनेही भावाला पाहिले' असे आपण म्हणत नाही. तिने पाहिले, एवढेच म्हणतो.

मराठी परंपरेला ही गोष्ट अनोळखी वाटू नये. तेराव्या शतकातील मुक्ताबाई ही ज्ञानदेवांची धाकटी बहीण, आणि तिची सर्वांत लोकप्रिय रचना म्हणजे भावाला उद्देशून म्हटलेले 'ताटीचे अभंग'. लोकनिंदेने व्यथित होऊन दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना ती समजावते, अशी त्यांची कथा परंपरेने सांगितली आहे. हेही एका अर्थाने बहिणीने काढलेले भावाचे चित्र आहे. आणि ते जनमानसात टिकले त्याचे एक कारण भाऊ ज्ञानदेव होते हेच आहे. पण येथे साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा. वारकरी परंपरेने मुक्ताबाईला चांगदेवांचे गुरुपद दिले. तिच्याशी भावापलीकडचे नाते जोडले. शिवाय अभंगाला नाममुद्रा असते. कर्त्याचे नाव चरणातच गुंफलेले असल्याने ते गाणाऱ्याच्या मुखातून आपोआप पुढे जाते. जनाबाईच्या मुद्रेत नामदेवाचे नाव आले तरी तिचे स्वतःचे नाव पुसले जात नाही. तैलचित्राला असे कंठ नसतात. ते एका जागी टांगलेले असते, त्याखालच्या पाटीवर अवलंबून असते, आणि पाटीवर अनेकदा रंगविणाऱ्यापेक्षा रंगविला गेलेला मोठा असतो.

बंगालमधील सुनयनी देवी (१८७५-१९६२) यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या या बहिणीने रीतसर शिक्षणाशिवाय, तिशीच्या सुमारास, घरातच चित्रे काढण्यास प्रारंभ केला. त्यांनाही रस्ता नव्हता. तथापि १९२०च्या दशकात स्टेला क्रामरिश यांनी त्यांच्या चित्रांवर लिहिले, आणि ते लेखन भावांच्या कीर्तीचे परिशिष्ट म्हणून लिहिलेले नव्हते. त्यांच्या रेषेचे आणि लोककलेशी असलेल्या नात्याचे त्यात विवेचन होते. सुनयनी देवी भारतीय आधुनिक कलेच्या इतिहासात स्वतंत्र नाव म्हणून उरल्या त्यामागे हे वर्णन आहे. समीक्षा कादंबरीच्या मागून येते, असा आपला समज आहे. विस्मृत कलावंत स्त्रीच्या बाबतीत मात्र समीक्षेला आधी जावे लागते. जिच्या चित्राचे कोणी वर्णनच केलेले नाही, तिच्यावर लिहिलेली कादंबरी तिच्या सोसण्याचे तेवढे वर्णन करू शकते.

६

मंगलाबाईंवर उद्या मराठीत कादंबरी लिहिली गेली, तर तिच्यापुढे दोन सोपे मार्ग असतील. एकात भाऊ हा खलनायक होईल : त्याने बहिणीची प्रतिभा दडपली, तिची चित्रे आपल्या नावावर खपविली, असे कथानक रचले जाईल. पुराव्यावाचून केलेला असा आरोप इतिहासाचा अपलाप तर करतोच, पण त्याहून गंभीर असे, की तो बहिणीच्या आयुष्याचे सारे कारण पुन्हा भावातच शोधतो. दुसऱ्या मार्गात ती भावाची मूक सहचरी, त्याच्या थोरवीची घरातली समई होईल. पहिल्या मार्गाला आजची वाचकप्रियता लाभेल, दुसऱ्याला जुन्या कादंबरीचे वळण उपयोगी पडेल. दोन्हींत वाक्य तेच राहील : तीही काढीत असे.

तिसरा मार्ग कठीण आहे, कारण त्यासाठी घाट बदलावा लागेल. त्या कादंबरीचा काळ नायकाच्या पराक्रमांनी मोजला जाणार नाही. मद्रासचे पदक, बडोद्याचे काम, मुंबईचा छापखाना या घटना तेथे पत्रांतून, परत आलेल्या माणसांच्या बोलण्यातून, पेटाऱ्यातून आलेल्या रंगांतून कळतील. घर ही तेथे वाट पाहण्याची जागा असणार नाही. ते कामाचे ठिकाण असेल. आयुष्याच्या अखेरीस किळिमानूरला परतलेला भाऊ हा तेथे दमून घरी आलेला नायक नसेल. बहिणीच्या घरात, बहिणीच्या नजरेसमोर आलेला एक विषय असेल. असे झाले तर मराठी ऐतिहासिक कादंबरी एका वेगळ्या कुटुंबरचनेतून, आणि म्हणून एका वेगळ्या कर्तृत्वकल्पनेतून, विचार करू लागली असे म्हणता येईल.

ऐतिहासिक कादंबरीने कागदपत्रांशी इमान राखावे, ही मागणी मोडीत काढण्याची गरज नाही; तिचा अर्थ रुंदावण्याची आहे. व्यक्तिचित्र हाही एक दस्तऐवज आहे. त्यावर तारीख-वार आणि मजकूर नसेल, पण एका व्यक्तीने दुसरीकडे किती वेळ आणि किती बारकाईने पाहिले याची ती नोंद आहे. मंगलाबाईंचा असा दस्तऐवज उपलब्ध असताना त्यांच्यावरची कादंबरी त्यांच्या मौनापासून सुरू करणे म्हणजे त्यांनी जे सांगितले ते न ऐकणे होय. साहित्याच्या अभ्यासकाने आणि कादंबरीकाराने प्रथम त्या चित्राच्या पाटीवरील दोन नावांपैकी रंगविणाऱ्या हाताचे नाव वाचावे, आणि मग भावाचे.